पेन्शनर शिपायाचें एक न सांगितलेलें दुखणें

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचें अहमदनगर, हें जुन्या छावणीचें शहर. रणगाडा-दलाचें शिक्षणकेंद्र येथेंच आहे. जिल्ह्यांत निवृत्त सुभेदार-हवालदारांचीं घरेंही पुष्कळ. अशा घरांतील म्हातारा रात्रीं चार-पांच वेळां उठतो, लघवीस ताटकळतो, आणि विचारलें तर 'वय झालें' म्हणून विषय बंद करतो. ज्यानें सीमेवरची थंडी सोसली, तो सुनेदेखत असली तक्रार कशाला करील?

मूत्राशयाच्या मुखाशीं पुरुषांस अक्रोडाएवढी एक ग्रंथि असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. उतारवयांत ती बहुतेकांची वाढते व ती वाढ बहुधा निरुपद्रवी असते. कांहींजणांस मात्र तेथें कर्करोग होतो. पंचाईत अशी कीं, आरंभीं तो बहुधा कांहींच लक्षण दाखवीत नाहीं, आणि पुढें दाखवतो तीं साध्या वाढीसारखींच. कंबर दुखूं लागली म्हणजे घरचे तेल चोळतात; पण हा रोग पसरतो तो बहुधा हाडांतच. पी.एस.ए. या रक्ततपासणीनें संशय येतो. तो आंकडा साध्या वाढीनेंही चढतो. म्हणून निदान ठरतें तें ग्रंथीचा बारीक तुकडा तपासल्यावर. मंद रोगावर कित्येकदां नुसती नजर ठेवली तरी भागतें. एरवीं शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार. रोग पसरला तरी हातपाय गाळावयाचें कारण नाहीं. पुरुषी अंतःस्राव थांबवून तो आवरतां येतो, हें शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स यांनीं १९४१ सालीं दाखवलें. त्यांस १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां खर्चाचें. माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ई.सी.एच.एस., एप्रिल २००३ पासून आहे. पेन्शनरानें एकदांच वर्गणी भरावयाची. १९९६ पूर्वीं निवृत्त झालेल्यांस तीही माफ. अमेरिकेनें व्हिएतनाम युद्धांतील 'एजंट ऑरेंज' या विषारी रसायनाशीं या रोगाचा संबंध १९९६ सालीं मान्य केला, तेव्हां तेथील सैनिकांचा भरपाईचा दावा सोपा झाला. आपल्याकडे उपचारापुरता हा वादच नाहीं. रोग नोकरींत जडला कीं नंतर, हें कोणी विचारीत नाहीं. अपंगत्वाच्या पेन्शनचा प्रश्न निराळा.

क्रम मात्र सहसा पाळावा लागतो. प्रथम योजनेचें पॉलिक्लिनिक. तें नगरांतच आहे. तेथील डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मग लष्करी किंवा योजनेंत नोंदलेल्या खासगी रुग्णालयांत जावें. तेथें बिल भरावें लागत नाहीं. शिकलेले चिरंजीव घाईनें वडिलांस थेट पुण्याच्या बड्या रुग्णालयांत नेतात, आणि मग बिलावरून वणवण करतात. हें मी पाहिलें आहे. लघवी साफ तुंबली किंवा पायांतील शक्ति एकाएकीं गेली तर गोष्ट वेगळी. तेव्हां चिठ्ठीसाठीं क्षणभरही थांबूं नये. जवळचें रुग्णालय गांठावें व दोन दिवसांच्या आंत पॉलिक्लिनिकास कळवावें.

ज्यांस पेन्शनच नाहीं, त्यांतील बहुतेकांस ही योजना लागू नाहीं. त्यांनीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत जाऊन केंद्रीय सैनिक मंडळाच्या मदतीची चौकशी करावी.

कार्ड बहुधा ट्रंकेंत, डिस्चार्ज बुकाच्या घडींत असतें. तें काढून ठेवावें, आणि पॉलिक्लिनिकांत वडिलांबरोबर मुलानें जावें. डॉक्टरांपुढें म्हातारा मग थोडें तरी बोलतो.