बर्फाखालचा तलाव आणि माझं चुकलेलं गणित

"तलाव गोठलाय, चल मासे पकडायला," असं कोणी म्हटलं तर तुम्ही काय म्हणाल? "डोकं ठिकाणावर आहे ना?" मीही तेच म्हटलं होतं!

आपल्या कॉलेजातून बाहेर पडून एम.एस.साठी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला गेलो तेव्हाची ही गोष्ट. युनिव्हर्सिटीला लागूनच लेक मेंडोटा आहे. क्षेत्रफळ सुमारे 40 चौरस किलोमीटर, सगळ्यात खोल जागी 25 मीटर. हिवाळ्यात तो गोठला की लोक त्यावर उलट्या बादल्या टाकून ठाण मांडतात. समोर गिरमिटाने पाडलेलं वीतभर भोक, हातात दोन-अडीच फुटांची काठी, दोऱ्याला गळ. हेच ते ‘आईस फिशिंग’. आणि मासा? ‘यलो पर्च’. पिवळसर अंग, त्यावर उभे काळपट पट्टे.

आता एक खुलासा. आपल्याकडे सगळा बर्फच. या लेखापुरतं मी तलावावर गोठतो त्याला बर्फ म्हणेन आणि आभाळातून भुरभुरतो त्याला हिम. हा फरक मला महागात पडणार होता.

तलाव वरूनच का गोठतो?

फर्स्ट इयरला घोकलेलं आठवा. पाण्याची घनता सर्वांत जास्त असते 4 अंश सेल्सिअसला. त्यापेक्षा थंड पाणी हलकं होऊन वर तरंगतं आणि तिथेच गोठतं. बर्फ पाण्यापेक्षा सुमारे 8 टक्के हलका, त्यामुळे तो झाकणासारखा वर राहतो. म्हणजे बर्फाला टेकलेलं पाणी शून्याजवळ आणि तळाचं त्याहून गरम. पुस्तकात तळाशी बरोबर 4 अंश लिहितात, पण मोठ्या तलावात गोठण्याआधी वारा पाणी घुसळतो, म्हणून प्रत्यक्षात तळाचं तापमान थोडं कमीच भरतं. काही असो, माशांसाठी खालचा मजला उबदार!

माझं गणित

बर्फ किती जाड झाला असेल? थंडीचे ‘डिग्री-डे’ मोजायचे आणि त्यांचं वर्गमूळ घ्यायचं. दहा दिवस सरासरी उणे 10 तापमान म्हणजे 100 डिग्री-डे. वर्गमूळ 10, त्याला साधारण 3.5 ने गुणलं की 35 सेंटिमीटर. पायी चालायला स्वच्छ, पक्का बर्फ 10 सेंटिमीटर पुरतो असं तिथे सांगतात. मी खुशीत निघालो, सरळ ओढ्याच्या मुखाच्या दिशेने.

"थांब बे!" मागून रूममेट ओरडला. गडी नागपूरचा, माझ्या दोन वर्षं आधी आलेला. "गणित खिशात ठेव, आधी पहार मार."

त्याने माझ्यापुढे चार पावलांवर पहार आपटली. दुसऱ्याच घावाला पाणी वर आलं. मी जागेवरच थिजलो. ती चार पावलं मी टाकली असती तर हा लेख लिहायला बहुधा राहिलो नसतो.

चूक कुठे झाली? एक, ओढ्याचं वाहतं पाणी खालून बर्फ खात होतं. दोन, हिम! ताज्या हिमातून उष्णता पक्क्या बर्फाच्या मानाने वीसेक पट कमी वाहते. तलावाने जणू घोंगडी पांघरली होती, मग थंडी खाली पोचणार कशी? माझं सूत्र उघड्या बर्फाचं होतं. शिवाय हिम भिजून गोठलं की जो पांढरा बर्फ होतो, त्याची ताकद स्वच्छ बर्फाच्या निम्मीच धरतात. त्या दिवशी कळलं की सूत्र अंदाजासाठी असतं, पाऊल टाकायला पहार लागते.

पर्च कुठे सापडतो?

मग सुरक्षित जागी बसलो. खोली पंधरा-वीस मीटर. पर्च थंड रक्ताचा, त्यामुळे थंडीत त्याचं पचन मंदावतं, भूक कमी. मोठं आमिष जोरात नाचवलं तर तो बघतही नाही. बारीकसा गळ, त्याला एखादी अळी, आणि हात जवळजवळ स्थिर. तो खातो काय? तळाच्या चिखलातल्या, डासासारख्या पण न चावणाऱ्या माशीच्या लाल अळ्या आणि पाण्यातले डॅफ्नियासारखे सूक्ष्म जीव. पर्च डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून खेळ दिवसाचा. अंधार पडला की मेस बंद!

इथेही हिम आडवं येतं. स्वच्छ बर्फातून उजेड आत जातो, वनस्पती थोडाफार ऑक्सिजन बनवतात. हिमाचा थर बसला की तो कारखाना बंद. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो (0 अंशाला लिटरमागे सुमारे 14 मिलिग्रॅम, 25 अंशाला सुमारे 8), पण झाकण लागल्यावर हवेतून नवा येत नाही. तळाचा कचरा कुजत राहतो आणि साठा खालून संपत जातो. उथळ तळ्यांत हिवाळ्याअखेर मासे गुदमरून मरतात ते यामुळेच. खोल तलावात पर्च फक्त थोडा वर सरकतो. म्हणून फेब्रुवारीत गळ तळापासून उचलून पाहावा.

आणखी एक गोष्ट. 20 मीटरवर दाब सुमारे तिप्पट. तिथून मासा वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते (बॉईलचा नियम, व्हायवाला विचारतात!). सोडून दिला तरी तो धड खाली जाऊ शकत नाही. म्हणून फार लहान मासे लागू लागले की आम्ही जागा बदलायचो.

आणि पुढे?

मेंडोटाच्या बर्फाची नोंद 1850 च्या दशकापासून आहे. 1880-81 च्या हिवाळ्यात बर्फ 161 दिवस टिकला, 2001-02 मध्ये जेमतेम 21 दिवस. वर्षागणिक चढउतार असतात, पण एकूण कल कमी होण्याकडेच. यात पर्चचंही नुकसान आहे. मादीची अंडी नीट पिकायला लांब, थंड हिवाळा लागतो. लेक ईरीच्या पर्चवर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिवाळा तोकडा झाला की अंडी लहान आणि पिल्लं अशक्त होतात, असं दिसलं.

त्या दिवशी आम्हाला सात पर्च मिळाले. रूममेटने सावजी मसाला लावून तळले. चव? नाव काढू नका! पण प्रत्येक घासागणिक तो एकच म्हणत होता, "काय मग, पस्तीस सेंटिमीटर?"

तेव्हापासून कुठलंही सूत्र वापरताना मी आधी विचारतो, यात हिम धरलंय का?