ओठांच्या आलेखावर उमटणारा तोतरेपणा

रेल्वेची चाकं घडवणारा कारखाना आणि हवाई दलाचा तळ यांमुळे बंगळूरच्या उत्तरेला असलेल्या येलहंक्यात देशभरातली माणसं येऊन राहिली आहेत. इथल्या मराठी घरातलं मूल आईशी मराठीत बोलतं, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी. असं तीन-साडेतीन वर्षांचं मूल ‘म-म-मला’ करत अडखळू लागलं, की पहिला संशय भाषांच्या गर्दीवर जातो. गावाकडची आजी फोनवरून मधात वेखंड उगाळून चाटवायला सांगते. शेजारी म्हणतात, घरात एकच भाषा ठेवा.

तोतरेपणा मात्र एकच भाषा बोलणाऱ्या मुलांतही आढळतो. तो बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो. शंभरातल्या साधारण पाच मुलांना कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकांचा पुढे निघूनही जातो. मोठ्या माणसांत त्याचं प्रमाण सुमारे एक टक्का उरतं, त्यात पुरुष स्त्रियांच्या चौपट.

पालकांवर खापर फोडण्याची रीतही जुनी आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते. मुलाच्या साध्या अडखळण्याला आईबापांनी ‘तोतरेपणा’ ठरवलं की तो जडतो, असं त्यांचं मत होतं. 1939 मध्ये त्यांच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना ‘तुमचं बोलणं बिघडलंय’ असं सांगत राहिले. मुलं बुजली, बोलायला कचरू लागली. पण त्यांना खरा तोतरेपणा जडल्याचं पुढच्या तपासणीत दिसलं नाही. विद्यापीठाने 2001 मध्ये माफी मागितली.

मग अडतं कुठे? पर्ड्यू विद्यापीठात अ‍ॅन स्मिथ यांनी ओठांच्या हालचालीच मोजायला घेतल्या. वरच्या-खालच्या ओठांवर बारीक खुणा लावायच्या आणि ‘बाय बॉबी अ पपी’ हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचं. यातले ब आणि प ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत, त्यामुळे आलेखावर स्पष्ट चढउतार दिसतात. दहा वेळचे आलेख एका मापात बसवून एकमेकांवर ठेवायचे आणि पन्नास ठिकाणी त्यांच्यातली तफावत मोजून बेरीज करायची. बेरीज जितकी मोठी, तितकी उच्चारांची घडी विस्कळीत.

चार वर्षांच्या मुलांत ही बेरीज मोठी येते. वयाबरोबर ती घटते, पण वाटतं तितक्या लवकर नाही. स्मिथ आणि हॉवर्ड झेलाझनिक यांच्या 2004 च्या अभ्यासात चौदाव्या वर्षीही मुलांचे ओठ मोठ्यांइतके स्थिर झालेले नव्हते. म्हातारपणी तफावत पुन्हा वाढते. तोतऱ्या प्रौढांबाबतची 2000 सालची नोंद तर अधिक बोलकी आहे: न अडखळता म्हटलेल्या वाक्यातही, वाक्यरचना गुंतागुंतीची झाली की त्यांच्या ओठांची स्थिरता ढासळत होती. ऐकणाऱ्याच्या कानाला त्यातलं काहीच जाणवत नाही.

आनुवंशिकतेचाही यात वाटा आहे. डेनिस ड्रेना यांच्या गटाने 2010 मध्ये पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून तोतरेपणाशी निगडित जनुकीय बदल शोधले. पेशीतला टाकाऊ माल मोडीत काढण्याच्या कामाशी ही जनुकं जोडलेली आहेत. भित्रेपणाशी त्यांचा काही संबंध नाही.

येलहंक्यातल्या पालकांना मुलाच्या तपासणीसाठी फार लांब जावं लागत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला होसूर रस्त्यावर निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे आणि म्हैसूरला 1965 पासून वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. वाचा-उपचारतज्ज्ञ घराण्यात कुणी तोतरं होतं का, अडखळणं किती महिने टिकलंय, बोलताना मूल डोळे मिटतं किंवा मान झटकतं का, हे विचारतात. मुलाचं बोलणं ते तपासतात घरच्या भाषेतही आणि शाळेच्या भाषेतही, कारण एकाच मुलाचं अडखळणं दोन भाषांत सारखं असेलच असं नाही. मराठी बंद करा, असं सांगायला त्यांच्याकडे संशोधनाचा आधार नाही. ‘हळू बोल, नीट बोल’ हे टोकणं मात्र ते आधी थांबवायला सांगतात.