फॉइल बोर्ड डुगडुगतोय? आधी मास्ट सरकवून बघा

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिहून.

विषय हायड्रोफॉइल. बोर्डाखाली एक दांडा, म्हणजे मास्ट. त्याच्या टोकाला पाण्याखाली विमानासारखे दोन पंख: पुढे मोठा, मागे छोटा स्टॅबिलायझर. वेग आला की पंख उचल देतो, बोर्ड पाण्याच्या वर निघतो आणि नवा माणूस धपकन पडतो. मग म्हणतो, ‘माझा बॅलन्सच वाईट आहे.’ अरे, आधी सेटअप तरी बघ!

कावड आठवा. दोन्हीकडचं वजन सारखं नसेल तर माणूस काय करतो? दांडी खांद्यावर थोडी पुढे-मागे सरकवतो. इथे खांदा म्हणजे पुढच्या पंखाची उचल आणि ओझं म्हणजे तुम्ही. मास्ट बोर्डाच्या तळाशी ट्रॅकमध्ये सरकतो. नाक सारखं वर उसळतंय, पुढचा पाय दाबून दाबून भरून येतोय? मास्ट मागे घ्या. बोर्ड उठतच नाही, मागच्या पायावर रेलावं लागतंय? पुढे घ्या. एका वेळी 1 सेंटीमीटर, बास. आधीच्या जागी मार्करने खूण करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणारच नाही. आम्ही ऑफिसात डिबगिंग असंच करतो.

उचल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग 10 टक्के वाढला की उचल 21 टक्के. म्हणून छान चाललेला बोर्ड अचानक उसळतो, पंख पाण्याबाहेर येतो, उचल संपते आणि तुम्ही खाली. हा स्वभाव शांत करायला पुढचा पंख मोठा घ्या, म्हणजे कमी वेगातही उचल मिळते. दोन पंख जोडणारा आडवा दांडा लांब असेल तर पुढे-मागे डुलणं कमी होतं; वळायला मात्र जड जातं. शिकताना मला हा सौदा मान्य आहे.

आता आरे-वारे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना दिसणारे हे जुळे किनारे फोटोत शांत वाटतात, पण पाण्याला ओढ आहे. जुलै 2025 मध्ये इथे एकाच कुटुंबातले 4 जण बुडाले. त्यामुळे पावसाळ्यात फॉइलचं नावही काढायचं नाही, आणि एरवीही एकट्याने नाही. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट हवंच, पंखाची कड लागते.

75 सेंटीमीटरचा मास्ट म्हणजे किमान कमरेच्या वर पाणी हवं, नाहीतर पंख वाळूत रुतून तुम्ही तोंडावर. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासचा भांग बरा, पाणी कमी चढतं-उतरतं. सकाळचे मतलई वारे पाणी सपाट ठेवतात खरे, पण तुम्हाला आत समुद्रात ढकलतात. दुपारचे खारे वारे किनाऱ्याकडे आणतात. पाणी खडबडीत असलं तरी नवख्याने तेच निवडावेत.

घरी आल्यावर सगळं खोलून गोड्या पाण्याने धुवा, बोल्टना ग्रीस लावा. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट खाऱ्या पाण्याने एकदा धरला, की मास्ट 1 सेंटीमीटर सोडा, 1 मिलिमीटरही हलत नाही.