शार्क बिघडला, सिनेमा घडला टेबलावर

‘जॉज’ हा शार्कचा सिनेमा, पण शार्क धडपणे दिसतो तो तास उलटून गेल्यावर. प्रेक्षकांची उत्कंठा ताणायची ही युक्ती आधीपासून ठरलेली असणार, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दाखवायला शार्कच धड नव्हता.

दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा २७ वर्षांचे होते. स्टुडिओतली पाण्याची टाकी त्यांना नको होती, समुद्र खराच हवा होता. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर मे १९७४मध्ये शूटिंग सुरू झालं. बॉब मॅटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २५ फूट लांबीचे तीन यांत्रिक शार्क बनवले होते. खाऱ्या पाण्यात त्यांची चाचणी मात्र झालीच नव्हती. समुद्रात उतरवल्यावर एक थेट तळाशी गेला. खाऱ्या पाण्याने यंत्रणा गंजू लागली, बिघाड संपेनात. लांबवर एखादी शिडाची बोट दिसली, तरी ती फ्रेमबाहेर जाईपर्यंत सगळं युनिट खोळंबून राही. कथेतली ‘ओर्का’ ही बोट तर चालू शूटिंगमध्ये बुडाली. ५५ दिवसांचं काम १५९ दिवसांवर गेलं आणि ४० लाख डॉलरचा खर्च ९० लाखांच्या घरात पोचला.

मी स्वतः संकलक आहे. ‘शार्क बिघडला म्हणून सिनेमा चांगला झाला’ हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. शूटिंगमधल्या बिघाडांनी कितीतरी सिनेमे बुडाले आहेत. हा तरला, कारण नसलेला शार्क कसा भासवायचा याचा विचार करणारी माणसं तिथे होती. छायालेखक बिल बटलर यांनी कॅमेरा पोहणाऱ्याच्या डोळ्यांइतका खाली, पाण्याला टेकवून ठेवला. जॉन विल्यम्स यांनी दोन सुरांत शार्कची चाहूल दिली. आणि संकलनाच्या टेबलावर होत्या व्हर्ना फील्ड्स.

धक्क्यावरचा रात्रीचा प्रसंग नीट पाहा. दोन माणसं मांसाचा मोठा तुकडा साखळीला लावून पाण्यात टाकतात. साखळी ताणली जाते, धक्क्याचा लाकडी भाग मोडून समुद्रात ओढला जातो आणि एक जण पाण्यात पडतो. ती मोडकी लाकडं दूर जाता जाता थांबतात, वळतात आणि त्याच्या दिशेने यायला लागतात. शार्कचं शेपूटही दिसत नाही, तरी आपण खुर्चीत आक्रसतो. लाकडं वळतात तो शॉट, पोहणाऱ्याची धडपड, ‘मागे बघू नकोस’ म्हणून ओरडणारा मित्र: हे किती वेळ आणि कोणत्या क्रमाने दाखवायचं, यावर ती भीती उभी आहे.

शार्क दिसतो तिथेही तोच हिशेब. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. दोन फ्रेम जास्त राहिल्या तर तो खोटा वाटायचा, हे स्पीलबर्ग यांनीच सांगितलं आहे. म्हणजे फरक सेकंदाच्या बाराव्या भागाचा. बुडालेल्या होडीच्या भोकातून अचानक येणारं मेलेल्या माणसाचं मुंडकं तर पुन्हा चित्रित केलं गेलं, फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात. पाणी समुद्रासारखं गढूळ दिसावं म्हणून त्यात दूध मिसळलं होतं.

२० जून १९७५ला ‘जॉज’ चारशेहून अधिक पडद्यांवर लागला आणि त्याने तोवरचे उत्पन्नाचे विक्रम मोडले. ध्वनी, संगीत आणि संकलन अशी तीन ऑस्कर त्याला मिळाली. फील्ड्स यांनी संकलित केलेला हा शेवटचा सिनेमा. पुढे त्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या उपाध्यक्ष झाल्या.

संकलन शिकायला येणाऱ्या मुलांना मी धक्क्याचा हा प्रसंग आवाज बंद करून दाखवते, म्हणजे प्रत्येक कट डोळ्यांना दिसतो. शूटिंगवर संकट कुणाच्याही येतं. हाती उरलेल्या फुटेजमधून सिनेमा शोधून काढणारं माणूस मात्र सहज मिळत नाही. म्हणून ‘जॉज’ची गोष्ट सांगताना व्हर्ना फील्ड्स हे नाव वगळू नये.