पट्टीआडची आई

आपल्या नृत्यपरंपरेत आई म्हटली की यशोदा आठवते. लोणी चोरणाऱ्या कान्ह्याला दटावणारी, त्याला उखळाला बांधणारी आणि क्षणात विरघळणारी ही माउली कथक, भरतनाट्यम या शैलींतून रसिकांना वर्षानुवर्षे आनंद देत आली आहे. मात्र बारकाईने पाहिले तर अशा प्रसंगी प्रेक्षकांचे लक्ष खोडकर बाळाकडेच असते. आईच्या मनात आणखी काय चालले असेल, हे विचारायचे राहूनच जाते.

आधुनिक नृत्याने ते विचारले. या नृत्याच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या इझाडोरा डंकन यांची दोन मुले, डिअर्ड्री आणि पॅट्रिक, 19 एप्रिल 1913 रोजी पॅरिसमध्ये मोटार सीन नदीत कोसळून दाईसह बुडाली. पुढे काही वर्षांनी स्क्रियाबिन या रशियन संगीतकाराच्या पियानोरचनेवर त्यांनी ‘मदर’ हे छोटेसे एकल नृत्य बसविले. नसलेल्या बाळाला जोजवणारे आणि अखेर त्याला निरोप देणारे हात, एवढाच त्याचा ऐवज! 2019 साली दामियाँ मानिव्हेल या फ्रेंच दिग्दर्शकाने याच नृत्याभोवती एक चित्रपट गुंफला.

मराठी रसिकाला येथे गांधारी आठवल्यावाचून राहणार नाही. तीही मुले गमावलेलीच आई. पण तिने आपल्या शंभर पुत्रांची तोंडे कधी उघड्या डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. महाभारताच्या स्त्रीपर्वातील एक प्रसंग अंगावर काटा आणतो. युद्धानंतर तिची दृष्टी पट्टीच्या खालून युधिष्ठिराच्या पायांच्या बोटांवर पडते आणि त्याची नखे विद्रूप होतात. वात्सल्याने भरून यावी अशी नजर संतापाने इतकी दाहक झालेली!

इरावती कर्वे यांनी 1967 साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या ‘युगान्त’मध्ये या पट्टीचा नवा अर्थ लावला. ते पातिव्रत्याचे भूषण नसून फसवल्या गेलेल्या नववधूचा रोष होता, असे त्यांची गांधारी पाहताना जाणवते. मुंबईच्या नर्तकी संजुक्ता वाघ यांनी हीच गांधारी ‘रेज अँड बियाँड : इरावतीज् गांधारी’ या प्रयोगातून रंगमंचावर आणली. कथकमध्ये घडलेल्या कलावतीने ही भूमिका निवडावी, हे धाडसच म्हटले पाहिजे. हात जाईल तिकडे दृष्टी जावी, ही तर आपल्या अभिनयाची पहिली शिकवण. जिच्या डोळ्यांवर पट्टी आहे तिचे आईपण मग दाखवायचे कशाने? मान, खांदे, श्वास आणि पावलांचा आघात, एवढेच हाती उरते.

‘युगान्त’मधील वृद्ध गांधारी पट्टी सोडते ती वनात, पतीच्या सांगण्यावरून. दीर्घकाळ मिटलेल्या डोळ्यांना प्रथम काही नीट दिसत नाही. दिसू लागते, तोवर पाहण्यासाठी मुले उरलेली नसतात आणि वणवा जवळ येत असतो.