पडून राहिलेला माल

रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली आलं आणि मालमोजणी सुरू झाली. हिंगोली, वसमत आणि कळमनुरी अशी या घराण्याची तीन दुकानं. बोर्डावर ‘डिपार्टमेंटल स्टोअर्स’. खाली किराणा, वर भांडी आणि कापड. गेली काही वर्षं धंदा बसत चालला होता. शेवटी सासऱ्यांनी कारभार सुनेकडे दिला.

बदल म्हटला की आपल्याकडे नवा बोर्ड, एसी आणि पोरांना एकसारखे टी-शर्ट. तिनं सुरुवात केली बिस्किटांच्या रॅकपासून. पुढची ओळ हातानं बाजूला सारली. मागं तेच पुडे, पण एक्सपायरी पुढच्या महिन्याची. पोरगं नवी पेटी फोडतं आणि समोरच लावतं. मागचं पुढं ओढायला वेळ कोणाला आहे? गिऱ्हाईक समोरचं उचलतं, मागचं तिथंच मरतं. शाम्पू, मसाले, पापड, सगळीकडे हाच प्रकार.

“काका, एवढ्या पेट्या कशाला घेतल्या?”

“स्कीम होती ना, वैनी. दहावर एक फुकट.” दिवाणजींचा आवाज जरा चढला.

“एक फुकट आली अन् चार पडून हायत.”

मोठमोठ्या दुकानांचं घोडं इथंच पेंड खातं. मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत 1948 साली उभ्या राहिलेल्या ‘अपना बाजार’ची नेरूळची फ्रँचायझी चालवून राधाकिशन दमाणी हा धंदा शिकले आणि 2002 मध्ये पवईत त्यांनी डीमार्ट काढलं. शक्यतो जागा स्वतःची, पुरवठादाराचे पैसे लवकर, आणि भराभर खपेल तोच माल. किशोर बियाणींचं बिग बझार वाढलं ते भाड्याच्या जागांत आणि कर्जावर. कोरोनात गल्ला आटला, रिलायन्सशी 2020 मध्ये ठरलेला 24,713 कोटींचा सौदा ॲमेझॉनबरोबरच्या भांडणात अडकला, आणि 2022 मध्ये बिग बझार चालवणाऱ्या फ्युचर रिटेलवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

उधारीचं गणित मात्र पवईत बसून कळायचं नाही. दिवाळीच्या आसपास सोयाबीन, उन्हाळ्यात हळद. मधल्या महिन्यांत शेतकऱ्याच्या घरात रोकड नसते. सुनेनं आल्या आल्या उधारी बंद केली आणि पिढीजात गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात दिसायला लागली. कॉम्प्युटरवर नुसती विक्री घटलेली दिसत होती. कोण गेलं आणि का गेलं, हे काकांनी सांगितलं. कोणाची हळद यार्डात कधी येणार, कोणाच्या घरी यंदा लग्न, त्यांना तोंडपाठ. आता घराघराला मर्यादा घालून उधारी चालू आहे, आणि ती मर्यादा काकाच ठरवतात. खरेदी त्यांच्या हातून काढली, पण वसुली त्यांच्याच हाती दिली. माझ्या मते तिच्या सगळ्या निर्णयांत हाच शहाणपणाचा. नाहीतर म्हाताऱ्यानं गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकापाशी नुसती कुरकुर केली असती, आणि तेवढी कुरकुर दुकान बुडवायला पुरते.

साडेअकराला भांड्यांचा मजला उरला होता. कुकरच्या पेट्यांवर धूळ होती. लग्नसराईत आणलेल्या त्या दिवाळीआधी निम्म्या नफ्यात काढायच्या, असं ठरलं. कळमनुरीच्या दुकानावर मात्र घरात एकमत नाही. सून म्हणते, भाडंसुद्धा निघत नाही, बंद करा. सासरे म्हणतात, पहिलं दुकान ते, लोक काय म्हणतील? दिवाणजींना विचारलं तर ते म्हणाले, “हळद येऊ द्या, मग बोलू.”