ओटीवरची तसबीर

मांडव्याला लाँचमधून उतरून अलिबागकडे निघालात, की पर्यटकांसाठी सजवलेली घरे लागतात. किनाऱ्यालगतच्या अशाच एका घरी, ओटीवर, मी एक तसबीर पाहिली. जुन्या इंग्रजी चित्राची छापील नक्कल, काचेत बसवलेली. दोन माणसे जेवायला बसली आहेत आणि ताटात चक्क पृथ्वीचा गोळा! यजमान म्हणाले, "सर, जुनं काहीतरी आहे. बरं दिसतं म्हणून लावलंय."

हे व्यंगचित्र १८०५ सालचे, जेम्स गिलरे या इंग्रज चित्रकाराचे. तो गोळा म्हणजे मनुका घातलेले नाताळचे पुडिंग. डावीकडचा किडकिडीत गृहस्थ इंग्लंडचा पंतप्रधान पिट, आणि समोर खुर्चीवरून अर्धवट उठून सुरी चालवणारा बुटका, तो नेपोलियन. नेपोलियन युरोप कापतो आहे. पिटने मात्र समुद्राचा मोठा घास धरलाय, आणि त्याचा काटा मुद्दाम त्रिशूळासारखा काढला आहे, त्यांच्या सागरदेवाच्या हाती असतो तसा.

गंमत म्हणजे नेपोलियन काही ठेंगू नव्हता. चांगला साडेपाच फुटांचा गडी. पण गिलरेने त्याला इतक्यांदा बुटका काढला, की जगाने तेच खरे मानले. शाळेतसुद्धा आपण तसेच सांगतो की नाही?

अशी चित्रे तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने रेषा खोदून छापत, मग हाताने रंगवत. लंडनला हॅना हम्फ्री या बाईच्या दुकानाच्या खिडकीत ती लागत आणि रस्त्यावर बघ्यांची गर्दी जमे. त्या गर्दीला चेहरे ओळखीचे होते, म्हणून तिला हसू येई. ओटीवर ती ओळख राहिली नाही, उरली काच आणि चौकट.

खरे तर आपल्याला ती हवी. १८०२च्या अखेरीस वसईचा तह झाला, १८०३ साली असईची लढाई. म्हणजे हे चित्र छापले गेले तेव्हा इंग्रजांची सुरी मराठी मुलखातही फिरत होती.

मी कागदावर चार ओळी मराठीत लिहून दिल्या; यजमानांनी त्या तसबिरीखाली लावल्या. त्यांची सातवीतली मुलगी वाचून म्हणाली, "सर, यात आपण कुठे?"

मी तिला समोरच्या पाण्यातला कुलाबा किल्ला दाखवला. आंग्र्यांना वारस नाही, असे म्हणून १८४० साली कंपनीने त्यांचे संस्थान खालसा केले होते.